साठीनंतर नुसतं चालणं पुरतं का? गोवेकरांनी आणि गोव्यात आईवडील असलेल्यांनी लिहा

अंत्रुजकर

"तब्येत कशी सांभाळता?" असं आमच्या फोंड्याकडे कुणाही निवृत्त माणसाला विचारा, उत्तर ठरलेलं: "रोज चालतो." कुणी देवळाच्या आवारात फेऱ्या मारतो, कुणी मोबाइलवरची पावलं ग्रुपवर टाकतो. चालणं चांगलंच, त्यावर वाद नाही. पण हीच मंडळी सप्ताहाला भजनात खाली बसली की उठताना शेजाऱ्याच्या खांद्यावर हात, नाहीतर सरळ खांबाला मिठी. पंगतीत खाली बसायचं तर विचारूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शनात 65च्या पुढच्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तेवढं आपण वाचतो आणि थांबतो. त्याच यादीत पुढे आहे: आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम, आणि 3 किंवा जास्त दिवस तोल सांभाळायचा सराव. हे दोन्ही आमच्या चालणाऱ्या कंपूत कोणीही करत नाही. "आता या वयात काय जिम?" म्हणतात.

एक चाचणी घरी करून बघा. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. 65 ते 69 वयात पुरुषांचे 12 आणि बायकांचे 11पेक्षा कमी भरले तर पडायचा धोका जास्त, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं कोष्टक सांगतं. हात टेकावा लागला तर आकडा शून्य धरायचा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

धागा काढायचं कारण असं की आपलं राज्य म्हातारं होतंय. 2011च्या जनगणनेतच 60 वर्षांवरच्यांचं प्रमाण गोव्यात 11.2 टक्के होतं, देशात 8.6. त्यात 2023मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात मधुमेहात गोवा देशात पहिला: 26.4 टक्के. मुलं पुण्या-बंगळुराला, नाहीतर बाहेरच्या देशात. म्हणजे स्वतःचं स्वतः उठता येणं हीच खरी मिळकत. तुम्ही काय करता, घरच्यांसाठी काय केलंत, लिहा. शरीराबद्दल आणि मनाबद्दलही.

बार्देशकर

खुर्चीत बसून न उठण्याची स्पर्धा असती तर आमचे निम्मे पुढारी सुवर्णपदक घेऊन आले असते.

चाचणी केली. आकडा सांगणार नाही. वाचतोय.

आबोली

बायकोला सांगा मोजायला, बार्देशकर. त्या सांगतील आकडा इथे. :)

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. चालण्याने हृदयाला फायदा होतो, साखरेला होतो, पण मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंना सपाट रस्त्यावर फारसा जोर पडत नाही. संडासातून उठणं, बसची पायरी चढणं, ठेच लागल्यावर स्वतःला सावरणं, ही सगळी कामं तेच स्नायू करतात. म्हणून रोज पणजीच्या कांपालला चालणारा माणूस कदंबा बसच्या पहिल्या पायरीवर अडतो, यात नवल काहीच नाही.

सुरुवात त्याच खुर्चीने करा. चाचणीसारखं घाईने नको. उठताना श्वास सोडत उठायचं, बसताना चार आकडे मनात मोजत सावकाश बसायचं. हे सावकाश बसणंच जास्त काम करतं, आणि तेच लोक गाळतात, धप्पकन बसतात. दहा वेळा जमलं की थोडं थांबून परत दहा. सोपं वाटायला लागलं की कुशीत पाण्याची भरलेली लिटरची बाटली धरा. श्वास रोखून जोर लावायचा नाही, रक्तदाब चढतो.

तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा बरा. ओट्याला हात ठेवून टाचा उचलायच्या. मग एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका रेषेत उभं राहायचं. आधी दोन हात टेकून, मग एक, मग बोटाचं नुसतं टोक. ओट्यापासून लांब, अंगणात हा प्रकार करू नका. आधी पडलेले असाल, छातीत दुखत असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि पावसाचं काय? जून ते सप्टेंबर आपल्याकडे चालणं बंद पडतं आणि माणूस चवथीपर्यंत सोफ्यावर बसून राहतो. माझ्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गुडघे धरून येणाऱ्यांची जत्रा असते. खुर्ची आणि ओटा पावसात भिजत नाहीत.

कुळागर

वाखु (वाचनखूण) साठवली.

एक विचारायचं होतं. आमच्या घरी आईसाठी कमोड बसवला आणि तिचं खाली बसणं पूर्ण सुटलं. आता देवासमोरही स्टूल लागतं. सोय केली की वाट लावली?

सांधेजोड

@कुळागर, गुडघे झिजलेत तर कमोड हवाच, तो काढू नका. पण दिवसातून एकदा तरी पलंगाच्या कडेला धरून जमिनीवर बसणं आणि उठणं सोडू देऊ नका. कुणीतरी बाजूला असताना. आधी गुडघा टेकायचा, मग हात, मग बसायचं, उठताना उलट. पडल्यावर जमिनीवरून उठायची पद्धत हीच आहे, आणि ती पडायच्या आधी माहीत असलेली बरी.

आबोली

जेवणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला लोणचं. पचायला हलकं म्हणून सगळे कौतुक करतात. पण त्यात प्रथिनं किती? जवळजवळ नाहीत. सकाळी चहाबरोबर उंडो (गोव्याचा पाव), दुपारी शीत-आमटी, रात्री पेज. सगळा दिवस पिष्टमय खाण्यावर, आणि वर मधुमेहाच्या गोळ्या.

म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात असं आता तज्ज्ञ धरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60-70 ग्रॅम. एका अंड्यात 6, वाटीभर दाट डाळीत 6-7, एका चांगल्या बांगड्यात 15-20. शाकाहारी घरात हिशेब जमवायला खरी कसरत होते. मी सासूबाईंसाठी अळसांदे (चवळीचा प्रकार), मूग, दही आणि पनीर असं फिरवत असते. नाचणीच्या तिझानात दूध घालते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत.

आता नुस्त्याबद्दल, म्हणजे मासळीबद्दल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं खारं बाहेर येतं. खारा बांगडा, सुकी सुंगटं (कोलंबी), वर मिठातली तोरं (कैऱ्या). या दोन महिन्यांत आमच्या शेजारच्या आजोबांच्या पायांना सूज आणि रक्तदाब वर, गोळ्या तशाच्या तशा. डॉक्टर गोळी वाढवतात, पण ताटात काय आहे ते कुणी विचारत नाही. खारं भिजवून दोनदा पाणी काढून टाकलं तर मीठ कमी होतं, जात नाही. चव म्हणून एक तुकडा ठीक. त्याच्यावर पेजेची पूर्ण वाटी उरकायची सवय वाईट.

तिरफळ

पेज गेली, खारं गेलं, उंडो गेला. आता माझ्या संध्याकाळच्या फेणीवर कोण येतंय ते सांगा म्हणजे मी तयारीत राहतो. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत घेत होते, औषध म्हणून.

गोमेकॉचा_जुना

@तिरफळ, मीच येतो. तुमच्या आजोबांच्या बरोबरीने घेणारे जे साठीत गेले त्यांची नातवंडं या धाग्यावर लिहायला आलेली नाहीत, एवढंच. सुरक्षित असं दारूचं प्रमाण नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023मध्ये स्पष्ट सांगितलंय. पण उपदेश बाजूला ठेवतो. तुम्ही झोपेची किंवा साखरेची गोळी घेत असाल तर त्यावर फेणी नको. पहिलीने तोल जातो, दुसरीने साखर मध्यरात्री खाली येते. न्हाणीत पडलेले असे कितीतरी बघितले.

तिरफळ

झोपेची गोळी नाही. साखरेची आहे. बायको मागे उभी राहून वाचतेय. धन्यवाद डॉक्टर, तुमचं भलं होवो.

दूरची_लेक

मी पुण्यात, आई डिचोलीला एकटी. वय 74. गेल्या वर्षापासून विसरते असं वाटतंय. फोनवर मी काहीही सांगितलं तरी "हो, हो." मग दोन दिवसांनी तेच परत विचारते. शेजारणी म्हणतात देवळात यायची बंद झाली, घरात टीव्ही मोठ्याने लावून बसते. भावाचं म्हणणं हे वयाचंच आहे. मला डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) भीती वाटते. थेट न्यूरॉलॉजिस्टकडे नेऊ का? गोव्यात कुठे दाखवावं?

गोमेकॉचा_जुना

न्यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा जा, आधी कान तपासा. गंमत नाही. टीव्ही मोठा, फोनवर "हो हो", चारचौघांत जाणं बंद: हे तीनही बहिरेपणात होतं. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? कधी कधी नुसता मळ निघतो आणि माणूस बोलायला लागतो. मळ नसेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा विभागात सोय आहे.

त्याबरोबर रक्तात बी12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघा. आई शाकाहारी असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेत असेल तर बी12 खाली गेलेलं असण्याची शक्यता बरीच. पायांना मुंग्या, विसरणं, चिडचिड, तिन्ही त्यातून येतात. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता, शेजारणीने दिलेल्यासुद्धा. अॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या म्हाताऱ्या डोक्याला धुकं आणतात.

आणि चौथं, उदासी. म्हातारपणी ती रडत येत नाही. "अंग दुखतं, झोप नाही, भूक नाही, कशातच लक्ष नाही" अशी येते, आणि विसरभोळेपणासारखी दिसते. उपचाराने बरी होते.

डिमेन्शिया नसेलच असं मी म्हणत नाही. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या आयोगाने टाळता किंवा लांबवता येण्यासारखी 14 कारणं दिलीत, जगातल्या डिमेन्शियाचा साधारण 45 टक्के भाग त्यांच्याशी जोडलेला. त्यांत न सुधारलेलं ऐकू न येणं आणि एकटेपणा दोन्ही आहेत. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, न सुधारलेली नजरसुद्धा. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणत बसणाऱ्यांनी हे वाचावं.

बार्देशकर

कानाच्या यंत्राने डोकं शाबूत राहतं हे यंत्र विकणाऱ्यांचं सांगणं वाटतं हो. किमती बघितल्यात का?

गोमेकॉचा_जुना

शंका रास्त आहे. 2023मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 70 ते 84 वयाचे 977 लोक, तीन वर्षं. सगळे मिळून बघितलं तर यंत्राने बुद्धीच्या घसरणीत विशेष फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे रामबाण नाही, पण मधुमेह-रक्तदाब असलेल्या बहिऱ्या माणसाला टाळण्यासारखंही नाही. आणि डोक्याचं सोडा, नातवाचं बोलणं ऐकू आलं तर ते काय कमी आहे?

घुमट

उदासीचा विषय निघालाच आहे तर गोव्यातलंच एक काम सांगतो, कारण आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 60 वर्षांवरचे 181 लोक घेऊन एक चाचणी झाली, गोमेकॉचे डॉ. अमित डायस आणि सहकारी. सगळ्यांना थोडी उदासीची लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्यांना डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी गाठलं. काय शिकवलं? अडचण एकेक करून सोडवायची पद्धत, झोपेची शिस्त, साखर-रक्तदाब सांभाळणं, आणि सरकारी मदत कशी मिळवायची ते. वर्षभरात नैराश्याचा आजार या गटात 4.4 टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात 14.4. हे 2019मध्ये 'जामा सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मला त्यातलं सरकारी मदतीचं सगळ्यांत पटलं. पेन्शनचा अडकलेला कागद पुढे सरकला की झोप लागते. माझ्या वडिलांचं मी बघितलंय.

आबोली

झोपेची शिस्त म्हणजे काय करतात?

घुमट

उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, जागं पडून राहायचं नाही. आणि, सांगायला जीव धजत नाही, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची.

तिरफळ

बास! हा धागा आता गोव्याच्या संस्कृतीवर हल्ला आहे. फोंड्यापासून काणकोणपर्यंत दुपारी एक ते चार शटर खाली असतं, ते काय उगाच?

अंत्रुजकर

:) रात्री नीट झोप लागत असेल तर दुपारच्या झोपेला कुणी हात लावत नाही, तिरफळ. दोन तास घोरून मग रात्री बारापर्यंत "झोप येत नाही, गोळी द्या" म्हणणाऱ्यांसाठी आहे ते.

सत्तरीचा_मास्तर

बायको गेल्यानंतरचं लिहितो. बायकांचं बरं असतं, त्यांना शेजार असतो. पुरुषाला नोकरी असते, मग बायको असते, आणि दोन्ही गेल्यावर कळतं की आपल्याला घरी बोलवणारं कुणी नाही, कारण सगळी आमंत्रणं तिच्या ओळखीची होती. लोक सांगतात छंद लावून घ्या. छंद एकट्याने करायचा तर एकटेपणा तिथेच राहतो.

मला उपयोग झाला तो जबाबदारीचा. गावच्या भजनी मंडळात मला गळा नाही, ताल नाही. मी टाळ आणि पेटी ठेवायच्या खोलीची किल्ली सांभाळतो आणि कुणाकडे कुठल्या दिवशी भजन आहे ते फोन करून कळवतो. मी फोन केला नाही तर भजन होत नाही. एखाद्या संध्याकाळी अगदी जायची इच्छा नसते, पण किल्ली माझ्याकडे असते. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला गाडी ठरवणं, कोण पुढे बसणार यावरून भांडण मिटवणं, हेही माझ्याकडेच. चोवीस तास अखंड भजन चालतं तिथे, आमची पाळी नेमकी पहाटेची येते, आणि म्हातारे त्या वेळेला सगळ्यांत ताजे असतात.

सूचना एवढीच की तुमच्याकडे एकटे वडील असतील तर त्यांना "कुठेतरी जात जा" म्हणू नका. कुणाला तरी सांगून त्यांच्यावर काम टाका.

बार्देशकर

मास्तर, +१. पण मी नास्तिक माणूस, भजनात मला कोण घेणार? मी पणजीला पाट्टोवर मध्यवर्ती ग्रंथालयात पेपर वाचायला जातो. तिथे आमचा चौघांचा कंपू आहे, कुठल्याच विषयावर एकमत नाही. बाहेर चहावर गळा काढून भांडतो. तब्येत ठणठणीत.

सत्तरीचा_मास्तर

भजनी मंडळातही हेच चालतं. मध्ये मध्ये अभंग.

कुळागर

घराचं राहिलं. आमचं जुनं घर, चिऱ्याच्या पायऱ्या, वीतभर उंबरे, न्हाणी मागे आणि अंधारी. आषाढात पायऱ्यांवर हिरवं बुळबुळीत शेवाळ. दरवर्षी मे महिन्यात ब्रशने घासून काढतो आणि पावसात ब्लीचिंग पावडर मारतो. न्हाणीत भिंतीला स्टीलची दांडी लावली. टॉवेल अडकवायची नव्हे, माणसाचा भार पेलणारी, चिऱ्यात खोल बोल्ट घालून. उंबऱ्यांवर पांढरा रंग. पलंग ते न्हाणी वाटेवर आपोआप लागणारे दिवे, लाइट जाते म्हणून बॅटरीवाले. झिजलेल्या रबरी चपला मी आईला न विचारता फेकल्या. अजून बोलते त्यावरून.

गोमेकॉचा_जुना

उत्तम. त्यात भर: रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी एकदम उठल्यावर दाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मांडीचं हाड मोडण्याच्या कितीतरी गोष्टी इथून सुरू होतात.

आबोली

योजनांबद्दल थोडक्यात, कारण लोक व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारतायत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर वेळेवर नूतनीकरण करा: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्तींना चार लाखांपर्यंत. 70च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं 5 लाखांचं कार्ड ऑक्टोबर 2024पासून सुरू झालंय. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन 14567, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, आपणहून क्वचितच सांगतात.

दूरची_लेक

धागा वर काढतेय. गोव्यात जाऊन आले. डॉक्टर, मळ होताच, पण तेवढ्याने भागलं नाही. दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणा. बी12 पण खालीच, इंजेक्शनं सुरू आहेत. विसरण्याची चाचणी तीन महिन्यांनी परत करू म्हणाले, तोवर काही ठरवायचं नाही.

यंत्राचं म्हणाल तर महाभारत झालं. "म्हाका सगळें आयकूं येता" इथून सुरुवात. घातल्यावर पहिली तक्रार: पंख्याचा आवाज येतो, भांड्यांचा येतो, स्वतःच्या चावण्याचा येतो. दोन दिवसांनी काढून कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. मग ऑडिओलॉजिस्टने आवाज कमी करून दिला आणि आधी रोज थोडा वेळच, शांत घरात घाला म्हणाले. आता मालिकेपुरतं आणि देवळात जाताना घालते. फोनवर "हो हो" कमी झालंय, उलट आता मलाच ऐकवते की तू फार भराभर बोलतेस. भाऊ अजून म्हणतो वयाचंच आहे.

एक प्रश्न आहे. डिचोलीचा पाऊस आणि घरातली ओल तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या चामड्याच्या पर्सला बुरशी येते. यंत्राचं काय करायचं?

सांधेजोड

घाम आणि ओल यांनीच यंत्रं बिघडतात. रात्री काढल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं. बदलायच्या बॅटरीचं यंत्र असेल तर तिचं दार उघडून, नाहीतर तसंच, सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. न्हाणीत न्यायचं नाही. फ्रिजवर किंवा देवाच्या दिव्याजवळ ठेवायचं नाही, तिथेच ठेवतात सगळे.

घुमट

सिलिका जेलचे रंगीत दाणे घ्या. नारिंगी असतात ते ओल पिऊन हिरवे होतात, मग बदलायचे. जुलैत लवकर होतात, जास्तीची पुडी आणून ठेवा.

दूरची_लेक

मागवले. हिरवे झाले का ते बघायचं काम शेजारच्या मास्तरांसारख्या एका काकांवर टाकलंय, दर रविवारी येतात. आई त्यांना चहा देते आणि यंत्र न घालता गप्पा मारते.